घंटांच्या शहरात मौन प्रार्थना

मौन प्रार्थना शिकायची म्हटली की उज्जैनचा माणूस पहिला प्रश्न जागेचा काढतो. इथे शांतता मिळायची कुठे? भस्मारतीसाठी पहाटे चारच्या आधीच रिक्षांची ये-जा सुरू होते. २०२२ मध्ये महाकाल लोक उघडल्यापासून गर्दीला मोसम उरलेला नाही. २०२८चा सिंहस्थ जवळ येतो आहे, म्हणून जागोजागी खोदकाम. लग्नसराईत वरातीच्या डीजेने खिडकीच्या काचा थरथरतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढेच की शांतता मिळणार नाही, आणि तिच्यावाचून अडण्याचेही कारण नाही.

रोजची जपमाळ चुकत नाही, रविवारची मिस्सा किंवा उपासना चुकत नाही, जेवणाआधी घरात प्रार्थना होते. तरी देवासमोर आपण सारखे बोलतच राहतो, थांबत कधी नाही, अशी चुटपुट काहींना लागलेली असते. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. नोकरीच्या बदलीने माळव्यात आलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाची आणखी एक अडचण असते. इथली मिस्सा हिंदीत, गाणी हिंदीत, फादर बहुधा केरळचे. अशा वेळी मातृभाषेतली म्हणावी अशी एकच प्रार्थना उरते, ती घरातली. ती नीट बसवणे म्हणून जास्तच गरजेचे.

ध्यान म्हटले की आपल्यातल्या जुन्या मंडळींच्या भुवया वर जातात. हे दुसऱ्यांचे, आपले नव्हे, असे त्यांना वाटते. त्यांच्यापुढे मार्कचे शुभवर्तमान उघडून ठेवावे. कफर्णहूमात संध्याकाळी आजाऱ्यांची दाराशी रीघ लागली होती. दुसऱ्या दिवशी अंधारातच येशू उठतो आणि एकांतात जाऊन प्रार्थना करतो. शिष्य शोधत येतात ते तक्रार घेऊनच, की सगळे तुला शोधताहेत. डोंगरावरच्या प्रवचनात तो दार लावून घ्यायला सांगतो आणि देवापुढे पाल्हाळ लावू नका असेही बजावतो. त्याच्या कितीतरी आधी होरेब डोंगरावर एलियाला देव भेटला तो वादळात नाही, भूकंपात नाही, अग्नीतही नाही. ते सगळे ओसरल्यावरच्या अगदी हळू आवाजात. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात कितीतरी स्त्री-पुरुष याच वाटेने गेले. त्यांनी करून पाहिलेल्या गोष्टी इव्हाग्रियस आणि योहान कासियान यांनी लिहून ठेवल्या, आणि पुढे पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या मठांतून त्याच चालत आल्या.

उज्जैनपुरते बोलायचे तर वारसा आणखी जवळचा आहे. उज्जैन, शाजापूर, राजगढ या पट्ट्यातला कॅथलिक धर्मप्रांत सिरो-मलबार चर्चचा. १९६८ मध्ये हे कार्यक्षेत्र त्याच साली स्थापन झालेल्या सेंट थॉमस मिशनरी सोसायटीकडे सोपवले गेले, १९७७ मध्ये त्याला पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. धर्मगुरू घडवणारे या सोसायटीचे ‘रुहालय’ उज्जैनलाच आहे. सिरो-मलबार उपासनेची मुळे पूर्व सिरियाक चर्चमध्ये, आणि निनवेचा इसहाक त्याच चर्चचा. सातव्या शतकातला हा संन्यासी. निनवेचा बिशप झाला आणि पाच महिन्यांत पद सोडून डोंगरात निघून गेला. वाचून वाचून पुढे त्याची दृष्टी गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्याचे नाव रोमन चर्चच्या संतांच्या नोंदवहीत घेतले. त्याची एक शिकवण नवख्याने पहिल्याच दिवशी ऐकून ठेवावी: सुरुवातीला मौनासाठी स्वतःवर बळजबरीच करावी लागते, मग त्या मौनातूनच काहीतरी उगवते आणि ते माणसाला आत ओढू लागते. म्हणजे पहिले काही महिने गोडी लागली नाही तर बिघडले काहीच नाही.

शेजारच्या इंदूरला तर या वाटेवरच्या एका मोठ्या माणसाने देह ठेवला, हे इथल्या फार थोड्यांना ठाऊक असते. आंरी ल सो हे फ्रान्समधल्या ब्रिटनीचे बेनेडिक्टाइन संन्यासी. १९४८ मध्ये भारतात आले, १९५० मध्ये ज्यूल मोंशानँ यांच्यासह कावेरीकाठी शांतिवनम आश्रम काढला, अभिषिक्तानंद हे नाव घेतले आणि पुढे उत्तरकाशीजवळ कुटीत राहिले. जुलै १९७३ मध्ये ऋषिकेशच्या रस्त्यात बस गाठताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला. शेवटचे दिवस इंदूरच्या नर्सिंग होममध्ये गेले आणि ७ डिसेंबर १९७३ रोजी तिथेच त्यांचा अंत झाला. प्रार्थनेवरचे त्यांचे छोटेसे इंग्रजी पुस्तक १९६७चे. त्यातला आग्रह असा की देवाचा विचार करायला राखून ठेवलेला अर्धा तास एवढीच प्रार्थना नसते. देव आत्ता इथे आहे ही जाण कामाधामातही टिकायला हवी. पुस्तक जरूर वाचा. सुरुवात मात्र त्यांच्यापासून करू नये असे माझे मत आहे. अद्वैताचा अनुभव आणि ख्रिस्तावरची श्रद्धा यांतला ताण त्यांनी पंचवीस वर्षे अंगावर घेतला. नवख्याने तो उसना आणू नये.

बसायचे कसे

वेळ आधी ठरवा, जागा नंतर. उज्जैनमध्ये दोन वेळा बऱ्या. एक पहाटेची, घरातले उठण्याआधीची. दुसरी रात्रीची. माळव्याची रात्र पूर्वीपासून नावाजलेली; मे महिन्यात दिवसभर तापलेली गच्चीसुद्धा दहानंतर बसण्याजोगी होते. दुपार टाळा. जेवणानंतर तर नकोच. झोप लागेल आणि तुम्ही तिला समाधी समजाल.

जागा म्हणजे एक खुर्ची. मांडी घालता येत असेल तर घाला, पण गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीच बरी. पाठ ताठ, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, हात मांडीवर. समोर क्रूस किंवा मेणबत्ती असली तर तिथे बसले की मनाला हळूहळू सवय लागते. उदबत्ती, मंद संगीत, यूट्यूबवरचे पावसाचे आवाज असा खटाटोप करू नका. आठवडाभरात त्यांच्याशिवाय बसवेनासे होते. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. वेळ कळायला तो लागतोच असे वाटत असेल तर साधे गजराचे घड्याळ आणा.

किती वेळ? बेनेडिक्टाइन धर्मगुरू जॉन मेन सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटे ते अर्धा तास सांगत. अमेरिकेतले ट्रॅपिस्ट संन्यासी थॉमस कीटिंग हेही दिवसातून दोनदा वीस-वीस मिनिटेच सांगत. तुम्ही पहिले दोन आठवडे एकदाच बसा, दहा मिनिटे. गजर होईपर्यंत उठायचे नाही, आणि आज फार छान वाटले म्हणून वाढवायचेही नाही. कंटाळा आला म्हणून उठणारा आणि गोडी लागली म्हणून बसून राहणारा, दोघेही आपल्या लहरीचेच ऐकत असतात.

घरच्यांना आधी सांगून टाका. एवढा वेळ हाक मारू नका. दूध उतू जात असेल तर मारा. बाईमाणसाला हे सांगणे पुरुषापेक्षा अवघड जाते, कारण तिचा रिकामा वेळ घरात कुणी रिकामा मानत नाही. आविलाची तेरेसा आपल्या भगिनींना सांगे की आज्ञेने स्वयंपाकघरात जावे लागले तर प्रभू भांड्याकुंड्यांतही आहे. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठातले ब्रदर लॉरेन्स तर मठाचे स्वयंपाकघर सांभाळता सांभाळताच प्रार्थनेत मुरले. ही उदाहरणे खरी आहेत. पण भांडी घासताना कर की प्रार्थना, बसायला कशाला हवे, असे नवरा सुचवत असेल तर मानू नका. तेवढा वेळ भांडी त्याने घासावीत.

एक लहान प्रार्थना

बसल्यावर करायचे काय? एक लहानशी प्रार्थना घ्यायची आणि मनात सावकाश म्हणत राहायची. ही युक्ती दीड हजार वर्षांहून जुनी आहे. कासियानच्या ग्रंथात अब्बा इसहाक (हा वाळवंटातला, निनवेच्या इसहाकाच्या आधीचा) ७०व्या स्तोत्राची पहिली ओळ देतो. ‘देवा, धावून ये’ असा तिचा भाव, आणि सुखात, संकटात, झोप येताना, राग येताना तीच धरून ठेव असा त्याचा सल्ला. पूर्वेच्या चर्चमध्ये येशूचे नाव आणि दयेची याचना अशी प्रार्थना रुळली. तिच्यावरचे जुने लेखन १७८२ मध्ये व्हेनिसला ‘फिलोकालिया’ या नावाने छापले गेले आणि पुढे रशियातल्या खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचले. चौदाव्या शतकात इंग्लंडमध्ये ‘द क्लाउड ऑफ अननोइंग’ लिहिणाऱ्या अनामिक लेखकाला एवढेही लांब वाटले. त्याने एकच छोटा शब्द पुरे म्हटले. जॉन मेन यांनी ‘मारानाथा’ घेतला. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटी येणारा हा अरामी शब्द, प्रभूला ‘ये’ म्हणणारा.

मराठी माणसाने मराठीत घ्यावे. ‘प्रभू येशू’ श्वास आत घेताना, ‘दया कर’ सोडताना. किंवा नुसते ‘येशू’. किंवा ‘बापा’. एकदा ठरले की बदलू नका. आज हा, उद्या तो असे करणाऱ्याचा सगळा वेळ निवडण्यात जातो. श्वास मुद्दाम खोल घेऊ नका, रोखू तर अजिबात नका; तो चालतो तसा चालू द्या आणि प्रार्थना त्याच्या चालीवर सोडा. कधीकधी काही क्षण तीही थांबते. थांबू द्या. थांबली हे लक्षात आले की पुन्हा सुरू करा.

नामस्मरणाच्या वातावरणात वाढलेल्याला हे ओळखीचे वाटेल, आणि वाटण्यात वावगे काही नाही. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंगच निवडला आणि त्यांची गीते मराठी उपासनेत आजही गायली जातात. फक्त मोजू नका. संख्या आली की पाठोपाठ हिशेब येतो, आणि हिशेबाच्या पाठोपाठ कालच्यापेक्षा आज जास्त झाले याचा गर्व.

इगतपुरीला दहा दिवस काढून आलेली ओळखीची माणसे विचारतात की यात आणि विपश्यनेत फरक काय. बाहेरून पाहता फारसा दिसणार नाही. तिथे श्वास आणि अंगावरच्या संवेदना पाहायच्या असतात. इथे एका कुणाजवळ बसायचे असते, आणि त्या कुणाला नाव आहे. मन शांत झाले तर उत्तम, नाही झाले तरी भेट झालीच. व्हॅटिकनने ऑक्टोबर १९८९ मध्ये ख्रिस्ती ध्यानासंबंधी बिशपांना पत्र पाठवले, त्यातही पूर्वेकडच्या पद्धतींना सरसकट नाही म्हटलेले नाही. आसन, श्वास यांची मदत होऊ शकते; त्यांतून आलेली शरीराची स्वस्थता म्हणजेच पवित्र आत्म्याचे सांत्वन, अशी गल्लत करू नये, एवढेच बजावले आहे. हा इशारा मला योग्य वाटतो. छान वाटणे आणि देव भेटणे या एकच गोष्टी असत्या तर गेथशेमाने बागेतल्या प्रार्थनेचे काय करायचे?

आवाज आणि भटकणे

आवाजाचे काय करायचे ते एका मुंबईकराने सांगून ठेवले आहे. अँथनी डिमेलो (१९३१-१९८७) हे येशूसंघीय धर्मगुरू. त्यांनी १९७३ मध्ये पुण्याच्या डी नोबिली कॉलेजात साधना इन्स्टिट्यूट सुरू केली आणि १९७८ मध्ये ती लोणावळ्याला नेली. त्याच साली त्यांचे ‘साधना’ हे इंग्रजी पुस्तक आणंदच्या गुजरात साहित्य प्रकाशाने काढले. त्यातला पहिलाच पाठ दहा मिनिटे गप्प बसायचा. दहा मिनिटांनी बहुतेकांना कळते ते हे की आतला गोंगाट बाहेरच्यापेक्षा मोठा आहे. डिमेलोंच्या लेखी हे अपयश नव्हेच. आत काय चालले आहे ते कळले, हीच सुरुवात. आवाजांबद्दल त्यांचे म्हणणे असे की त्यांच्यापासून पळू गेले की ते छळतात. त्यांनाच ऐकत बसले तर तेच आत नेतात.

उज्जैनमध्ये हा पाठ असा करा. डोळे मिटल्यावर पहिली तीन-चार मिनिटे फक्त ऐका. सगळ्यात लांबचा आवाज आधी पकडा, स्टेशनाकडची शिटी किंवा कुठल्या तरी देवळातला लाउडस्पीकर. मग त्याच्या अलीकडचा, गल्लीतला. मग घरातला, पंख्याचा. शेवटी आपल्या श्वासाचा. हा चांगला, हा वाईट अशी निवड करू नका. कुठले गाणे चालू आहे ते ओळखायच्या भानगडीत तर पडूच नका, कारण ओळखले की तुम्ही ते मनात म्हणू लागता. मग आपली प्रार्थना सुरू करा. शेजारच्या देवळातली घंटा मध्येच वाजली तर तिथे उभा असलेला माणूसही काही मागतोच आहे हे आठवा, त्याचे भले चिंता आणि पुन्हा आपल्या प्रार्थनेकडे या. वरातीच्या डीजेवर मात्र माझ्याकडे इलाज नाही. त्या रात्री जपमाळ घ्या आणि मोठ्याने म्हणा.

डिमेलोंचे नाव घेतले की काही फादर लोक १९९८ची आठवण करून देतात. त्या वर्षी व्हॅटिकनने त्यांच्या लिखाणातल्या काही भागांबद्दल विश्वासूंना सावध केले. पण त्याच सूचनेत त्यांचे सुरुवातीचे लेखन ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत राहिल्याचेही मान्य केले आहे. ‘साधना’ त्या सुरुवातीच्या काळातले, म्हणून बेलाशक वापरा.

आता भटकण्याबद्दल. मन जाणारच. गॅसचा नंबर लावायचा राहिला, मुलीची फी, ऑफिसात कुणी काय बोलले. त्यातला एखादा विचार इतका महत्त्वाचा वाटेल की उठून लिहून ठेवावा. उठू नका. विचाराशी भांडूही नका, कारण भांडण हाही विचारच. गेलो होतो एवढे ओळखायचे आणि परत यायचे. दहा मिनिटांत तीसदा परत आलात तर प्रार्थना तीसदा झाली.

यात आपण एकटे नाही हे कळले की धीर येतो. इव्हाग्रियसने दुपारच्या भुताचे वर्णन केले आहे. साधू खोपटात बसला आहे, सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो. मग तो सारखा खिडकीतून बाहेर डोकावतो, कुणी भाऊ गप्पा मारायला येतो आहे का; आणि हळूहळू त्याला वाटू लागते की ही जागाच आपल्याला मानवत नाही, दुसरीकडे गेलो असतो तर साधना फळली असती. उज्जैनच्या मे महिन्यात हे वाचले तर सोळाशे वर्षांपूर्वीचे वाटणार नाही. तेरेसाने तर आत्मचरित्रात उघड लिहिले आहे की कित्येक वर्षे तिचे लक्ष प्रार्थनेपेक्षा तास कधी वाजतो इकडेच असे. ही पुढे चर्चची आचार्य ठरली! ती बसून राहिली, एवढेच तिचे वेगळेपण त्या वर्षांत होते.

वाचन, आणि रात्रीची दहा मिनिटे

नुसत्या शब्दावर बसणे सगळ्यांना जमत नाही. काहींना डोळ्यांपुढे काहीतरी लागते, आणि त्यांच्यासाठी शास्त्रवाचनाची जुनी रीत आहे. बाराव्या शतकातले कार्थुसियन मठाधिपती दुसरे गीगो यांनी तिच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसते देवाजवळ राहणे. करायला सोपी आहे. एक छोटा उतारा घ्या. मार्कच्या दहाव्या अध्यायातली आंधळ्या बार्तिमयाची गोष्ट घ्या. सात वचने आहेत. आठवडाभर तीच. पहिल्या दिवशी सगळी सावकाश, ओठ हलवत वाचा. कुठेतरी मन अडेल. तो ओरडतो तिथे, लोक त्याला गप्प बसवतात तिथे, किंवा येशू त्याला विचारतो की तुझ्यासाठी मी काय करू, तिथे. अडले की पुढे वाचू नका. तोच प्रश्न आपल्याला विचारला आहे असे धरा आणि उत्तर द्या. उत्तर संपले की पुस्तक मिटून बसा. दुसऱ्या दिवशी त्याच उताऱ्यात भलतीकडेच अडाल.

टिळकांची गोष्ट लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’च्या वाचकांना आठवत असेल. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका परक्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. वाचता वाचता ते डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. भराभर अध्याय संपवणाऱ्याला असे अडकणे लाभत नाही. वर्षात आखे बायबल वाचून काढण्याचे तक्ते मंडळ्यांतून वाटले जातात. ते माहितीसाठी ठीक आहेत. या कामाला ते नकोत.

रात्री झोपण्यापूर्वी लोयोलाच्या इग्नाशियसची दिवसाची उजळणी करावी. आभार माना, प्रकाश मागा, सकाळपासूनचा दिवस डोळ्यांखालून घाला, जिथे चुकलो तिथे क्षमा मागा, उद्यासाठी बळ मागा. दहा मिनिटे पुरतात. न्यायाधीश होऊन बसू नका. दिवसात जीव कुठे हलका झाला आणि कुठे कोरडा पडला, एवढे पाहिले तरी दोन-तीन आठवड्यांत एक नकाशा दिसू लागतो.

या उजळणीत एक गोष्ट हमखास वर येते. घरात अबोला धरायचा आणि खोलीत जाऊन मौन प्रार्थनेला बसायचे, असे करणारी माणसे मी पाहिली आहेत. बायको विचारते आहे, मुलगा दारात उभा आहे, आणि हे डोळे मिटून. येशूची आज्ञा याबाबत अगदी सरळ आहे: भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर दान वेदीपुढेच ठेवावे, आधी समेट करून यावे. तेव्हा उठा. दहा मिनिटे बुडाली तरी चालतील.

कोरडेपण आले तर

काही महिन्यांनी असा काळ येतो की शब्द लाकडासारखा होतो, वाचनात रस नाही, देव आहे की नाही असे वाटते. क्रूसभक्त योहान अशा काळाला रात्र म्हणतात, आणि तिच्या तीन खुणा त्यांनी दिल्या आहेत. देवाच्या गोष्टींत गोडी उरत नाही, पण दुसऱ्या कशातही नाही. आपण देवाची सेवा करत नाही आहोत, मागे घसरतो आहोत अशी टोचणी सारखी असते. आणि पूर्वीसारखे कल्पनेने, विचाराने मनन करू म्हटले तर ते जमतच नाही. तिन्ही एकत्र असतील तर काही नवीन करायला जाऊ नका. वेळ पाळा, बसा, धडपड कमी करा. गोडी प्रार्थनेतच नाही पण मालिका, गप्पा, खरेदी यांत आहे, असे असेल तर ती रात्र नव्हे, साधा आळस.

तिसरी शक्यताही आहे, आणि ती अध्यात्माच्या नावाखाली लपवू नये. झोप उडाली, भूक मेली, रडू आवरत नाही, जगण्यात अर्थ नाही असे वाटते, असे दोन आठवडे चालले तर डॉक्टरकडे जा. औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी असणे नव्हे. नैराश्य, भ्रम, आवाज ऐकू येणे असा त्रास पूर्वी कधी झाला असेल तर लांबलचक मौन डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. तोपर्यंत मोठ्याने म्हणायच्या प्रार्थना आणि माणसांची सोबत अधिक हिताची.

म्हणूनच वाटाड्या लागतो. महिन्यातून एकदा अर्धा तास भेटेल असा फादर, सिस्टर, पाळक किंवा मुरलेला विश्वासू शोधा. तुम्हाला झालेले दर्शन ऐकून जो भारावून जात नाही, तो चांगला. त्याला काय वाटले यापेक्षा काय केले ते सांगा: किती दिवस बसलात, कुठे टाळलेत, घरात वागणे कसे होते.

पुढे कधीतरी मौनाचे शिबिर करावेसे वाटेल. इग्नाशियसची पूर्ण साधना तीस दिवसांची. १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी तिच्या पुस्तकाला मान्यता दिली. तीस दिवसांची रजा कुणाला मिळते? पण याची सोय त्या पुस्तकातच केलेली आहे. सुरुवातीच्या सूचनांपैकी एकोणिसावी खास नोकरी-धंद्यात गुंतलेल्यांसाठी आहे: घरीच राहून रोज दीड तास द्यायचा आणि मार्गदर्शकाला भेटत राहायचे. येशूसंघीयांकडे चौकशी केली तर अशी व्यवस्था होऊ शकते. लोणावळ्यासारख्या ठिकाणी जायचे असेल तर पहिल्या खेपेला दोन-तीन दिवसांचेच घ्या, तारखा आणि अटी थेट विचारा, नेहमीची औषधे बरोबर ठेवा आणि पुस्तके घरी. पहिल्या दिवशी बहुधा नुसती झोप येते. ती घ्या. थकलेल्या शरीराचे ते देणे असते.

शिबिरापेक्षाही टिकाऊ म्हणजे आठवड्यातून एकदा चौघे जण एकत्र बसणे. कॅथलिक-प्रोटेस्टंट हा भेद इथे आड येत नाही, कारण वाद घालायला शब्दच नसतात. कुणाच्या तरी घरी, ठरलेल्या वारी. एकाने शुभवर्तमानातला लहान उतारा दोनदा वाचायचा, मग वीस मिनिटे मौन, शेवटी ‘प्रभूची प्रार्थना’ मराठीत. प्रवचन नाही, अनुभवकथन नाही, वर्गणी नाही. कुणी नाही आले तर राहिलेल्यांनी बसायचे. चहा नंतर ठेवा. आधी ठेवला तर दुसऱ्या आठवड्यापासून ती गप्पांची बैठक होते.